दगडाच्या पोराचं लाळेरं

केरबा मराठा पलटणीतला शिपाई. लढाई संपली, जपान हरला आणि बंदोबस्तासाठी याची पलटण तिकडच्या एका आडवळणाच्या किनाऱ्यावर जाऊन बसली. सत्तेचाळीस साली गडी कऱ्हाडजवळच्या आपल्या गावी परतला, तर काय विचारता! चावडीवर बसून येईल त्याला जपान सांगायचा.

घरात मात्र शुकशुकाट. तो तिकडं असताना त्याला मुलगा झाला आणि सात महिन्यांचा होऊन तापानं गेला. केरबानं पोराचं तोंडही पाहिलं नव्हतं. बायको, रंगूबाई, ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. पोर तापानं फणफणत होतं तेव्हा हा बाबा देवळं बघत हिंडत होता, हे तिच्या मनातून जाईना. आणि का म्हणून जावं?

एके दिवशी शेजारचा तात्याबा ओसरीवर येऊन टेकला. "सांग रं गड्या, काय काय बघितलंस?"

"एका देवळाला भाताच्या काडाचा दोर टांगलाय, बैलाच्या पोटाएवढा जाड! आन् समुद्रात खडकावर नुसतीच तांबडी कमान उभी. भिंत न्हाई, दार न्हाई."

"थापा मार लेका!"

"आईशप्पत! वाटंच्या कडंला दगडाची बारकी पोरं हायती, रांगंनं. जिचं लेकरू जातंय, ती आई त्या पोराच्या गळ्यात तांबडं लाळेरं बांधती. पोर गेल्याचं पत्र आलं तवा मीबी बांधलं. माजा रुमाल फाडून."

तात्याबानं तंबाखूची चंची आवरली आणि तो निघून गेला.

दाराआडून रंगूबाई बाहेर आली. "तितं थंडी असंल?"

"लय. बर्फ पडतंय."

"मग कुंची न्हाई घातली व्हय? कानात वारं जाईल की पोराच्या!" म्हणता म्हणता बाईला रडू फुटलं. किती दिवसांचं साचलेलं ते! केरबा तिच्याजवळ बसून राहिला. त्याचेही डोळे वाहत होते.

मग तिनं पेटीतून जपून ठेवलेली कुंची काढली. "आवं, कृष्णंतनं एक दगूड आना. चांगला गुळगुळीत."

"केवढा आनू?"

तिनं दोन्ही हात पुढं धरले, जरा जवळ आणले. "एवढा."

केरबा त्या दोन हातांमधल्या जागेकडं बघत राहिला. आपला लेक केवढा होता, हे त्याला आज कळलं.

"चला, मीबी येते," रंगूबाई पदर खोचत म्हणाली. "तुमी कसलाबी उचलून आनशीला."