लेव्यांना मोजायचं नाही

माणसं मोजायची नसतात, हा आमच्या बेने इस्राएलांच्या घरातला जुना दंडक. सासूबाई मूळच्या अलिबागच्या. जेवायला किती पानं घ्यायची हेसुद्धा त्या एकेकाचं नाव घेऊन ठरवतात. आकडा उच्चारला की नजर लागते म्हणे. मी मुद्दाम डिवचायचे, "आई, मग देवानं मोशेला शिरगणती कशी करायला लावली?"

"त्याला सांगितली, त्यानं केली. तुला सांगितलीय का?"

त्या ऑगस्टमध्ये आमची पाचसहा कुटुंबं इथे इंग्लंडात, रीडिंग गावाजवळ नदीकाठी कॅम्पिंगला गेली. मुलांना मोशेच्या लोकांची वाळवंटातली छावणी शिकवायची ही टूम माझ्या नवऱ्याची. मधे मोठा तंबू, तो निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू. चहूबाजूंनी आपापल्या निशाणाखाली एकेक वंश. आमच्या सात वर्षांच्या लेकीनं हट्टानं लेवी व्हायचं ठरवलं, मधल्या तंबूची राखण करणारी. लेवी काय काय करतात, मोशेच्या शिरगणतीत त्यांना का धरलं नाही, ते बापानं तिला सगळं समजावलं.

दुसऱ्या दुपारी पाऊस लागला तो थांबेचना. चहाच्या वेळी पाणी खालच्या कुंपणाला टेकलं. साइटचा माणूस ओरडत आला: सामान राहू द्या, सगळे वर कार पार्कमध्ये, तिथे हेडकाउंट आहे! आम्ही पोरांना पुढे घालून पळालो.

वर नवरा बोट नाचवत मोजायला लागला. सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"अरे, नको."

"आई, प्लीज! ही वेळ आहे का?" त्यानं मोजलंच. "सव्वीस. ऑल हिअर."

मी लेकीचा पिवळा रेनकोट शोधत होते. दिसेना.

"अरे, ही कुठाय?"

"असेल गं इथेच. आकडा बरोबर आलाय."

"चुलीत घाल तुझा आकडा! पोरगी कुठाय माझी?"

सासूबाई एकेका मुलाला नावानं हाका मारायला लागल्या. ओ देईल त्याला बाजूला उभं करत गेल्या. शेवटी एकच मुलगी उरली. हूड मागे केलं, तर शेजारच्या परक्या कुटुंबातली, आमच्या पोरांबरोबर खेळायला आलेली. मी उतारावरून धावत सुटले, मागून नवरा.

खाली पाणी गुडघ्याला लागत होतं. मधल्या तंबूत लेक कूलबॉक्सवर पाय पोटाशी घेऊन बसलेली, ओठ निळे पडलेले.

"वर का नाही आलीस गं?"

"तो काका बोलला ना, वर काउंट आहे. लेवीला काउंट नाही करायचा. आणि तंबू उतरल्याशिवाय लेवी जात नाही. पप्पाच बोलला."

असा संताप आला की हात उगारला मी. आणि त्याच हातानं तिला छातीशी आवळलं, रडू आवरेना. मी तिला घेऊन बाहेर आले. नवरा आत गेला, खांब उपटला. तंबू भसकन पाण्यात बसला.

"उतरला," तो म्हणाला. "आता निघायचं." तिला खांद्यावर घेतलं.

वर पोचलो तर साइटच्या माणसानं पुन्हा विचारलं, किती जण? नवऱ्यानं आईकडे पाहिलं. आकडा काही सांगितला नाही. एकेकाचं नाव घेऊन हाका मारायला लागला. पहिली हाक लेकीला मारली, आणि ती त्याच्या खांद्यावरच होती.