आखाजीला विहिरीचं पाणी

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. विहिरीत टेप सोडायची, पाणी किती खाली गेलं ते मोजायचं, बाटलीत नमुना घ्यायचा आणि धुळ्याला प्रयोगशाळेत नेऊन तपासायचा. "एवढ्यासाठी सरकार पगार देतं?" असं माझा सख्खा भाऊ रावेरला केळीच्या ट्रकवर उभा राहून विचारतो. देतं बाबा, आणि विहिरी डोळ्यांदेखत आटताना बघायची शिक्षाही देतं.

सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून आत, खडीची एक खाण आहे. खाण खोल गेली तसं तिच्यात पाणी लागायला लागलं, आणि ते उपसायला त्यांनी डिझेलचे पंप लावले. जमिनीखालचं पाणी काही बांध बघून थांबत नाही. तिकडे उपसा वाढला की इकडे शेजारच्या विहिरी आटतात. सगळ्यात जवळची विहीर आबा आणि अक्का या म्हाताऱ्या जोडप्याची. आबांनी ती तरुणपणी स्वतः खोदली होती, मातीची घमेली अक्कांनी वाहिली होती.

गावानं ओरड केल्यावर खाणवाल्यांनी टँकर सुरू केला. आबांनी सांगून टाकलं, यांच्या टँकरचा थेंब माझ्या तोंडात जाणार नाही. म्हातारा भलता हट्टी. आबा, नमुना खराब आलाय, विहिरीचं पिऊ नका, असं सांगून सांगून मी थकले. "तू तुन्ही बाटली भर आन जाय," म्हणायचे. दिवाळीनंतर ते गेले. पाण्यानं नाही, वयानं. हे मुद्दाम लिहिते, कारण गावात लोक काहीही बोलतात.

मार्चच्या फेरीला मी गेले. "वनी का माय केळीवाली!" अक्का ओट्यावरून ओरडल्या. मी रावेरची म्हणून 'केळीवाली' हे नाव. चहा झाला आणि अक्का एकदम हळू बोलायला लागल्या. "शेवटला वरीसभर मी त्यास्ले टँकरनंज पानी पाजं, माय. सांगं, आपली विहीरनं शे." आबा ते विहिरीचं समजून पिऊन खूश व्हायचे म्हणे. अक्का रडत नव्हत्या, पण पदराचं टोक सारखं पिळत होत्या.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येत होती. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आणि ही आबांची पहिली घागर. "जित्ता व्हतात तवय खोटं बोलनू," अक्का म्हणाल्या. "मरेल मानूससंगे कसं बोलू? घागर विहीरनीज भरसू." मग मला विचारलं, तोवर पाणी राहील का? टेप तर त्याच दिवशी गाळाला टेकली होती. काय सांगणार? म्हटलं, बघू अक्का.

बघू म्हटलं खरं, पण डोकं फिरलं होतं. तडक खाणीच्या ऑफिसात गेले. तिथला मॅनेजर सरबताचा ग्लास पुढे करत म्हणाला, "मॅडम, पाणी तर आम्ही देतोच ना. लोकांना आयतं मिळालं तरी तक्रारच." मी म्हटलं, "आयतं? अक्कांचंच पाणी उपसून त्यांनाच टँकरनं देता आणि वर उपकार सांगता?" तो हसला. उपसा थांबवा, असं स्पष्ट लिहून मी अहवाल वर पाठवला. वरून उत्तर आलं, निरीक्षण चालू ठेवावे. ठेवलं चालू. दुसरं करते काय, कपाळ!

आखाजीला मजूर सणासाठी गावी गेले आणि पंप बंद झाले. उपसा थांबला की विहीर थोडी भरून येणार हे मला माहीत होतं. सुट्टी असून स्कूटर काढली. सणाच्या दिवशी कोणी विहिरी मोजत फिरतं का, म्हणून सासूबाई करवादल्या. जाऊन बघते तर खरंच पाणी आलं होतं, चांगलं हातभर. अक्कांचा चेहरा असा उजळला की मी, एवढी घोडी, विहिरीच्या काठावर टाळ्या वाजवल्या. अक्कांनी दोर सोडला आणि बादली वर ओढली.

वास मला आधी आला. डिझेलचा. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग होता. खाणीच्या तळाशी साचलेलं पाणी पंपांचं गळलेलं डिझेल घेऊन खडकाच्या भेगांमधून विहिरीत उतरलं होतं. अक्कांनी बादलीवर वाकून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "पेवानं नई ना?"

"नाही अक्का. माझ्या डिकीत घरून आणलेली पाण्याची बाटली आहे, ती ओता घागरीत."

"नको माय."

त्यांनी त्याच पाण्यानं घागर भरली. घरात नेऊन मांडली, तिच्यावर आंबा ठेवला, सांजोरी ठेवली, निखाऱ्यांवर तूप आणि घास टाकला. मी दारातच उभी राहिले. धुरात डिझेलचा वास मिसळला होता आणि माझे डोळे वाहत होते, धुरानं नव्हे. अक्का हात जोडून घागरीशी वाकल्या आणि नवऱ्याशी बोलावं तशा दबक्या आवाजात बोलल्या.

"आयका, आपलीज विहीरनं शे. पन पेऊ नका. नुसतं देखा."