तासभर लोडवर

लॅपटॉप बंद पडला तेव्हा काकूंनी तो आधी पालथा केला आणि स्क्रू काढले.

तीस वर्षं त्या जळलेल्या मोटरी भरत आल्या आहेत. पंख्यांच्या, पंपांच्या, गिरण्यांच्या. गल्लीत सगळे त्यांना वायंडिंगवाल्या काकू म्हणतात. मोटर जळली की उघडायची, काळी पडलेली तार कापून काढायची, नवी तार भरायची, वार्निश द्यायचं. त्यामुळे स्क्रीनवर रेघा आल्या आणि लेक फोनवर म्हणाली, "ग्राफिक्स कार्ड गेलं असणार, आई," तेव्हा काकू निवांत होत्या. कार्ड गेलं तर कार्ड बदलू.

आत कार्ड असं काही नव्हतं. हिरव्या पट्टीवर एक काळा चौकोन डाख देऊन पक्का बसवलेला होता. काकूंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"ते वेगळं निघत नाही," लेक म्हणाली. "लॅपटॉपमध्ये जे येतं तेच शेवटपर्यंत."

"म्हणजे जळलं की संपलं?"

"संपलं."

काकूंच्या हातून आजवर कुठलीही वस्तू अशी संपली नव्हती. लोकांनी भंगारात काढलेल्या मोटरी त्यांनी उभ्या केल्या होत्या. त्यांनी स्क्रू पुन्हा बसवले, एकही उरला नाही.

लेक पाच वर्षांसाठी दूर शिकायला गेली होती. जाताना आपला जुना लॅपटॉप आईसाठी ठेवून गेली आणि त्यात एक खेळ घालून गेली. खेळात एक ओसाड बेट होतं आणि त्यावर रेल्वे उभी करायची होती. दर शनिवारी संध्याकाळी दोघी तिथे भेटायच्या. लेक पूल बांधायची, काकू रूळ टाकायच्या आणि सिग्नल लावायच्या. सिग्नलमध्ये काकूंचा हात कुणी धरू शकत नसे.

फोनवर त्या दोघींचं बोलणं चार वाक्यांत आटपायचं. जेवलीस? हो. थंडी आहे? आहे. लहानपणापासून हे असंच. लेक कारखान्यात शाळेचं दप्तर टाकून आईशेजारी बसायची. काकू वेढे मोजत असल्या की गप्प राहायची, कारण एक वेढा चुकला की सगळी कॉइल उसवावी लागते. मग काकू मोटरीच्या खाचांत कागद सरकवू लागल्या की ती शेजारून कागदाच्या पट्ट्या कापून द्यायची आणि बोलायला लागायची. मास्तरीण काय म्हणाली, कुणाशी भांडण झालं, गणितात किती पडले. हात कामात असल्याशिवाय त्या घरात कुणी मनातलं बोलत नसे. बेटावर ते पुन्हा सुरू होऊ लागलं होतं.

आता तीन शनिवार कोरडे गेले होते. तिसऱ्या शनिवारी लेकीने फोन दोन मिनिटांत ठेवला. "बरी आहे," म्हणाली. काकूंना तो आवाज आवडला नाही. बेअरिंग आतून गेलेली मोटर फिरते, पण असा आवाज करते.

"नवा घ्यायचा," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "पाच वर्षं टिकेल असा. ती परत येईपर्यंत."

नवरा एका दवाखान्यात कंपाउंडर होता. "पाच वर्षांची खात्री?" तो म्हणाला. "माझी कुणी कधी मागितली नाही."

"तुमची मुदत लग्नाआधीच संपली होती," काकू म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

दुकानदार तिशीतला होता, पाणी वाहावं तसा बोलायचा. मुलासाठी हवाय का, त्याने विचारलं. "मला हवाय," काकू म्हणाल्या. त्याने जेमतेम हसू दाबलं आणि तीन लॅपटॉप मांडले. एक अगदी नवा, मोठ्या नंबरच्या कार्डाचा. दुसरा सडपातळ आणि रुपेरी. तिसरा जाडजूड, काळा, कडेला उंदराच्या पिंजऱ्यासारख्या जाळ्या असलेला.

लेकीने फोनवरून पहिल्याचाच आग्रह धरला होता. नंबर मोठा म्हणजे कार्ड नवं, नवं म्हणजे जास्त चालणार. दुकानदारही तेच म्हणाला.

"कार्डाला स्वतःची मेमरी किती?" काकूंनी विचारलं. खेळाच्या माहितीत 'आठ जीबी असल्यास उत्तम' असं त्या वाचून आल्या होत्या.

"याला सहा आहे. पण आज सहा भरपूर झाली, काकू."

"आणि चार वर्षांनी?"

"खेळ मोठे होत जातात, हे खरंय."

काकूंच्या डोळ्यांपुढे मोटरीची खाच आली. खाच केवढी ते मोटर बनतानाच ठरतं. पुढे जाड तार भरायची म्हटली तर खाच रुंद करता येत नाही. "हा बाजूला ठेव," त्या म्हणाल्या. मोठा नंबर गेला.

उरलेल्या दोघांत कार्ड एकच होतं. तेच नाव, तीच आठची मेमरी.

"मग सडपातळच घ्या. सेम कार्ड आहे. हा जाड्या कशाला खांद्यावर वागवता?"

"वॅट किती?"

"लॅपटॉपचे?"

"कार्डाचे. कार्ड किती वॅट खातं? दोघांचंही सांग."

हे दुकानदाराला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने खोकी पालथी घातली. खोक्यावर नव्हतं. आतल्या पुस्तकात नव्हतं. शेवटी कंपनीच्या साइटवर, पार तळाला, बारीक अक्षरात सापडलं. सडपातळाला ऐंशी. जाड्याला एकशे तीस.

"सेम म्हणालास," काकू म्हणाल्या.

"नाव सेम आहे, ताकद नाही," तो पुटपुटला.

काकूंच्या धंद्यात नावावर कुणी जात नाही. मोटरीच्या अंगावर नेमप्लेट असते, ती वाचतात. आणि नेमप्लेटवरही काकूंचा अर्धाच विश्वास. त्यांचा नियम गल्लीला पाठ होता: मोटर तासभर लोडवर चालल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. रिकामी फिरताना सगळ्याच मोटरी गोड वाटतात. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, काकू तासभर अंगावर तळहात ठेवून बसतात.

"दोन्ही चालू कर," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडचा सगळ्यात जड खेळ लाव. मी तासभर बघते."

"काकू, असं कुणी करत नाही."

"मी करते."

"डेमोचे पीस आहेत हे."

"मग डेमो दाखव."

त्या दिवशी त्याने कसंबसं टाळलं. गर्दी होती. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा आल्या, तेव्हा मालाची गाडी आली होती. तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या पायरीवर बसल्या होत्या, सोबत कारखान्यातलं लोखंडी स्टूल. दुकानदाराने शटर वर केलं, स्टुलाकडे पाहिलं आणि हात टेकले. "बसा. अर्ध्या तासात कंटाळाल."

काकू वेढे मोजणाऱ्या बाई. कंटाळा त्यांच्या ओळखीचा नव्हता.

दोन्ही पडद्यांवर एकच लढाई सुरू झाली. कोपऱ्यात एक हिरवा आकडा होता, सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा. सडपातळ नव्वदवर, जाड्या अठ्ठ्याण्णववर. "बघा, फरक उन्नीस-बीसचा," दुकानदार म्हणाला. काकूंनी उजवा तळहात एकावर ठेवला, डावा दुसऱ्यावर. जाड्याचा पंखा घोंघावत होता. सडपातळ गप्प होता.

विसाव्या मिनिटाला सडपातळ कोमट झाला. तिसाव्याला काकूंनी हात उचलून बोटं चोळली. अडतिसाव्या मिनिटाला हिरवा आकडा सत्तरवर आला, मग साठवर, आणि लढणारा माणूस अडखळत धावू लागला.

"बंद पडला का?" काकूंनी विचारलं.

"नाही. तापला की तो स्वतःच हळू होतो. जळू नये म्हणून."

"शहाणा आहे. पण रोज तापून किती वर्षं शहाणा राहील?"

दुकानदार आपल्यासाठी एक खुर्ची ओढून समोर बसला होता. आता तोही आकडाच बघत होता. साठाव्या मिनिटाला जाड्या शहाण्णववर होता. मागच्या जाळीतून गरम वारा भरभरून बाहेर पडत होता. काकूंनी जाळीपुढे हात धरला आणि समाधानाने मान हलवली. उष्णता बाहेर येत होती, म्हणजे आत साचत नव्हती.

"हाच," त्या म्हणाल्या. "आणि हा खालून उघडतो ना? पंख्यातला कचरा काढायला?"

"वॉरंटी..."

"वॉरंटी संपल्यावर म्हणतेय मी. पाचातली त्यापुढची वर्षं सांभाळायची माझ्याकडेच आहेत."

संध्याकाळी लेक फोनवर कुरकुरली. "आई, किती जाड आहे तो. आणि जुन्या नंबरचा."

"तुझे बाबाही आहेत," काकू म्हणाल्या. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला.

शनिवारी काकूंनी तो टेबलावर ठेवला. मागची जाळी भिंतीपासून वीतभर लांब, खाली दोन लाकडी पट्ट्या. बेट उघडलं. चार आठवड्यांपूर्वीचा अर्धवट पूल तसाच नदीत उभा होता. लेकीची छोटी आकृती आली, आईच्या आकृतीशेजारी उभी राहिली आणि न बोलता खांब लावू लागली. काकूंनी रूळ उचलले.

पहिला अर्धा तास फक्त कामाचं बोलणं झालं. हा खांब इथे, तो सिग्नल तिथे. चाळिसावं मिनिट उलटून गेलं होतं.

"आई."

"हं."

"मला इथे जमत नाहीये."

काकूंचा हात की-बोर्डवर थांबला. मग त्यांनी पुढचा रूळ टाकला, कारण हात थांबले तर लेक गप्प होईल हे त्यांना ठाऊक होतं. "कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. वर्गात बोलायला गेले की सगळे थांबून बघतात. मग मी बोलतच नाही. प्रयोगाचं सगळं चुकतंय. तुला सांगायचं होतं, पण फोनवर... फोनवर नाही येत."

"खांब लाव. मी ऐकतेय."

लेक बोलत राहिली. खांबामागून खांब लागत गेले. नवरा दारात येऊन उभा राहिला, बायकोचा चेहरा पाहिला आणि पाऊल न वाजवता परत गेला. तास होऊन गेला. काकूंनी डावा तळहात लॅपटॉपच्या अंगावर ठेवला होता. गरम होता, पण हात टिकत होता. पडद्यावर काहीच अडखळत नव्हतं.

"परत येऊ का?" लेकीने शेवटी विचारलं.

काकूंनी आणखी एक रूळ टाकला. जळली म्हणून आणलेल्या मोटरी त्यांनी कधी न उघडता परत पाठवल्या नव्हत्या, आणि कुणी घाई केली म्हणून अर्धवटही भरल्या नव्हत्या.

"यायचं असेल तर दार उघडंच आहे," त्या म्हणाल्या. "पण आज नको ठरवूस. पुढच्या शनिवारी बस, त्याच्या पुढच्याही बस. काय चुकतंय ते एकेक सांग, आपण उसवून बघू. मी कुठे जात नाही. हा जाड्याही जात नाही, मी बघून आणलाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग थोडंसं हसू.

"आणि तो सातवा खांब तिरका बसलाय," काकू म्हणाल्या. "काढ आणि परत लाव."