मामाचा डोंग्यातला फोटो

माझ्या मामाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असायचं, "मले नाई मालूम जी."

आलापल्लीच्या पुढं, जंगलातून वाहणाऱ्या नदीकाठी मामाचं गाव. आम्ही ढिवर. मासे धरायचे, थोडा धान पिकवायचा आणि नदीला पाणी असेल तोवर डोंग्यातून लोकांना पलीकडं न्यायचं. तेव्हा पूल नव्हता, त्यामुळं सगळ्यांना मामाच लागायचा. मास्तर, नर्सबाई, तेंदूपत्त्याचे मुकादम, बाजाराला निघालेल्या बाया, सगळे त्याच्याच डोंग्यात बसायचे. खाकीवालेही बसायचे आणि जंगलातले दादालोक, शहरात ज्यांना नक्षलवादी म्हणतात, तेही बसायचे. बंदुका दोघांकडं होत्या, आणि उतरताना दोघांचा प्रश्नही एकच असायचा, आमच्या आधी कोण गेलं?

"मले नाई मालूम जी."

लहानपणी मला याची लाज वाटायची. एवढा मोठा माणूस आणि याला काहीच कसं माहीत नाही! मी एकदा तसं बोलून दाखवलं तर मामी चुलीपुढून उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तेवढ्या एका बोलावर आपलं घर उभं हाय, बाई." मग कळलं. लोक दाराला कुलूप लावतात, मामानं तोंडाला लावलं होतं. गावात बहुतेकांनी लावलेलं होतं, पण नावाड्याचं जास्त मजबूत असावं लागे.

हे कुलूप त्यानं एकदाच उघडलं, आणि तेही पाहुण्यांसाठी.

मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात होते. त्या हिवाळ्यात हेमलकशाहून परतणारी शहरातली चार-पाच माणसं वाट वाकडी करून नदी बघायला आली. हे मला मामीनं नंतर सांगितलं. माणसं चांगली होती म्हणे. अंगणात बसून मामीच्या हातची झिंग्यांची भाजी आणि भात जेवली, वरून मागून घेतली. आमच्याकडं रीत आहे, जो आपल्या घरचं जेवला तो परका राहत नाही. त्याच्यापासून काही झाकायचं नसतं आणि त्याला काही उलट विचारायचंही नसतं. त्यातल्या एकाकडं लगेच फोटो दाखवणारा कॅमेरा होता. डोंग्यात बांबू धरून उभा असलेला, तोंडभर हसणारा स्वतःचा फोटो मामानं तिथल्या तिथं पाहिला आणि विरघळला. त्या माणसानं सहज विचारलं, "तुम्हाला तर इथलं सगळं माहीत असेल?" आणि माझा मामा, आयुष्यात पहिल्यांदा, हो म्हणाला. कोण कुठल्या घाटानं जातं, कोण कधी येतं, रात्री हाक कशी मारतात, सगळं बोलला. घरचाच माणूस होता ना तो आता.

चंद्रपुरात आमच्या होस्टेलजवळ एका चाचांचं इंटरनेटचं दुकान होतं. आधी टायपिंग शिकवायचे, मग तीच टेबलं कापून त्यांनी प्लायवूडच्या खुराड्यांत कॉम्प्युटर बसवले. प्रत्येक नव्या मुलीला ते बजावायचे, "बेटा, पासवर्ड कोनाले सांगायचा नाई. सख्ख्या बहिणीले बी नाई." आम्हीही हाताच्या आडोशानं पासवर्ड टाकायचो, जणू बँकच लुटली जाणार होती. माझ्या मेलमध्ये होतं काय? मैत्रिणींची शुभेच्छापत्रं आणि परीक्षेचं वेळापत्रक!

एका दुपारी गंमत म्हणून मी मामाच्या गावाचं नाव इंग्रजीत टाइप केलं. आमच्या गावाला नकाशात कुणी विचारत नाही, इथं काय सापडणार, असं वाटत होतं. आणि सापडलं. पडद्यावर वरून खाली हळूहळू फोटो उमटत गेला. आधी आभाळ, मग बांबू, मग मामाचा लाल रुमाल, मग हसू. मी खुराड्यातून ओरडलेच, "चाचा, माझा मामा!" चाचा आले, शेजारच्या मुली आल्या. सगळ्यांना कौतुक. मलाही इतका आनंद झाला होता की खालचं लिहिलेलं वाचायचं राहूनच गेलं.

सगळे गेल्यावर वाचलं. मामाचं नाव होतं, गावाचं होतं, घाटाचं होतं. आणि मग त्या माणसानं रंगात येऊन लिहिलं होतं की या नावाड्याला जंगलातलं सगळं ठाऊक आहे, रात्री पलीकडं कोण जातं हेसुद्धा. आमच्याकडं 'हा बोलतो' एवढं नाव झालं तरी माणसाला राहतं घर सोडावं लागतं, आणि तेवढ्यावर सुटला तर तो नशीबवान.

लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव दिलंच नव्हतं. टोपणनाव होतं, आणि चेहऱ्याच्या जागी एका झाडाचा फोटो. पत्ता नाही, फोन नाही. स्वतःला किती छान झाकून घेतलं होतं गृहस्थानं! माझ्या मामाला मात्र नावगावासकट चव्हाट्यावर उभं केलं. आजही ते आठवलं की माझं डोकं तडकतं.

पानाच्या तळाशी वाचकांनी काही लिहायचं असेल तर एक चौकट होती. त्यात मोडक्या इंग्रजीत मी लिहिलं, हा फोटो आणि मजकूर कृपया काढा, हे माझे मामा आहेत. दोन दिवसांनी उत्तर आलं. 'अरे वा, तुमचे मामा! पण काढायचा का? सगळ्यांना फार आवडलाय.' आता 'का' ते सांगू कुठं? कारण लिहावं तर तेही त्याच फोटोखाली, सगळ्या जगाला दिसेल असं उमटणार. न लिहावं तर तो काढणार नाही. इकडं आड, तिकडं विहीर. मी पुन्हा एवढंच लिहिलं, प्लीज काढा. मग उत्तर आलंच नाही. चाचांच्या मदतीनं ती वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीलाही तक्रार पाठवली. त्यांचा उलट प्रश्न आला, फोटोतली व्यक्ती स्वतः तक्रार करते आहे का? फोटोतली व्यक्ती त्या वेळी नदीत जाळं टाकत असणार.

शेवटी बस पकडून मी गावाला गेले. मामा अंगणात जाळ्याची फाटकी घरं विणत बसला होता. मी सगळं सांगितलं.

"पेपरात आलं काय?" त्यानं विचारलं.

"पेपर नाई, मामा. पेपरची दुसऱ्या दिवशी पुडी होते. हे तसंच राह्यते."

"मंग पुसून टाक ना."

"मले नाई पुसता येत. ज्यानं टाकलं त्यालेच येते."

"तो कुठी राह्यते?"

"मले नाई मालूम."

मामाचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिला. तोच बोल, पण मी तो खरा म्हणून बोलत होते. मी खरंच काही झाकत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि मग मात्र तो घाबरला. "आपल्या घरचं जेवला होता वं तो," एवढंच म्हणाला.

पावसाळ्याच्या तोंडावर पोलीस ठाण्यातून मामाला बोलावणं आलं. नवीन आलेल्या साहेबानं ते पान वाचलं होतं. साहेब चिडले नाहीत की ओरडले नाहीत. खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "काऊन भाऊ, तुम्हाले तर सगळंच मालूम हाय म्हणतात." मामा दिवसभर 'नाई मालूम जी' म्हणत राहिला आणि साहेब हसत राहिले. संध्याकाळी त्याला जीपमध्ये बसवून, बाजारची गर्दी असताना घाटावर आणून सोडलं. मामी कपाळावर हात मारून म्हणाली, "दोन दंडे मारले असते तरी परवडलं असतं. चहा काऊन पाजला?"

ती बरोबर बोलत होती. मार खाऊन आलेला माणूस गावात सुरक्षित असतो, जीपमधून उतरलेला नसतो. त्यानंतर डोंग्यात बसायला कुणी येईना. बाया वळसा घालून वरच्या उथळ घाटानं पाण्यातून जाऊ लागल्या. मग पलीकडच्या गावातला एक जुना ओळखीचा माणूस आला, अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, "भाऊ, काही दिवस पावन्यासारखं कुठी जाऊन या." पाणीही न पिता गेला. कुणी पाठवलं होतं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

मामा-मामी भांडी आणि एक जाळं घेऊन चंद्रपूरला आले. डोंगा घाटावर पालथा ठेवला होता, तो तिथंच कुजला. मामाला एका लाकडाच्या आरागिरणीवर चौकीदारी मिळाली. दिवसभर सागवान चिरल्याचा आवाज, आणि नदी नावाला नाही. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न तोच, "गेला काय तो फोटो?" मी दर वेळी बघून आलेली असायचे. "नाई, मामा." पुढंपुढं त्यानं विचारणंच सोडलं. कुणी कॅमेरा काढला की तो उठून बाहेर जायचा. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मामा कुठंही नाही. मामानं उचलून मांडवात आणलं मला, पण फोटोत नुसते त्याचे हात आले आहेत.

पुढं एका पावसाळ्यात ताप डोक्यात गेला आणि मामा गेला. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. मामीनं ट्रंक उलथून पाहिली, नातेवाइकांकडं विचारून झालं. कुणाकडंच नव्हता.

मी चाचांच्या दुकानात गेले. खुराड्यात बसून गावाचं नाव टाइप केलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनात म्हटलं, देवा, असू दे. पडदा पांढरा होता. मग आभाळ आलं, बांबू आला, लाल रुमाल आला. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. चाचांनी काही न विचारता खालचा मजकूर कापून फोटो छापून दिला.

काचेत बसवून मी तो मामीच्या हातात दिला. तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. ज्याच्यामुळं तिचं घर, तिची नदी गेली तो हाच, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. ती पदरानं काच पुसत राहिली.

"किती हसून राह्यले वं," ती म्हणाली. "कुठून आनला हा फोटो, बाई?"

"मले नाई मालूम, मामी."