ब्रेकबाईचा पाय

गॅरेज घराला लागूनच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली, की गाडीखालच्या माणसाला ऐकू जायची आणि गाडीखालून मारलेली ओट्यापाशी यायची. या सोयीतूनच सत्तावीस वर्षांपूर्वी मिस्त्रीने बायकोला पहिल्यांदा ब्रेकवर बसवलं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. मदतनीस त्या दिवशी आला नव्हता. ती ओले हात पुसत आली, चप्पल बाहेर काढून आत बसली आणि पेडल दाबून म्हणाली, "अहो, हे पळून जातंय पायाखालून. सावकाश, चोरासारखं."

नळ्यांत ऑइल ढकलणारा मास्टर सिलेंडर गेलेला निघाला. मिस्त्रीला जाड बुटांतून जे कळलं नव्हतं, ते तिच्या अनवाणी तळव्याने सांगितलं होतं.

तेव्हापासून ते काम तिचं झालं. पेडल लुसलुशीत लागलं, तर नळीत हवा. दाबून धरल्यावर हळूहळू बसत गेलं, तर मास्टर सिलेंडरमधले रबरी वायसर झिजलेले. हा फरक तिला एका दाबात कळे. गिऱ्हाइकं तिला ब्रेकबाई म्हणू लागली. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनीही दोन-चारदा तिला बोलावणं धाडलं. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं होतं, "पाना मागा, जॅक मागा. बायको मागू नका."

गेल्या वर्षभरात तिचे पाय बधिर झाले. साखरेचा आजार जुनाच होता. आधी बोटं गेली, मग तळवे, आता घोट्यापर्यंत काही उरलं नव्हतं. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिने घरी येऊन सांगितलं, की गोळ्या बदलल्यात. वाटेत चप्पल निसटली तर दहा पावलांनी, चालण्याचा आवाज बदलला म्हणून तिच्या ध्यानात येई. ताकद होती. पाय काही सांगत नव्हते, एवढंच.

मंगळवारी सकाळी एक नर्स आपल्या वडिलांच्या वेळची जुनी गाडी घेऊन आली.

"मिस्त्री, ब्रेक दाबला की उशीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं हो."

"रात्रपाळी करून आलात. तुम्हाला आता सगळीकडे उशीच दिसणार."

नर्स हसली नाही. "दोन पोरींना शाळेत सोडते मी यातून."

"संध्याकाळी न्या," मिस्त्री म्हणाला.

ब्रेक ऑइलची पातळी बरोबर होती. चारही चाकं आतून कोरडी, कुठे गळती नाही. म्हणजे एक तर हवा, नाहीतर मास्टर सिलेंडर. तो गाडीखालूनच ओरडला, "ब्रेकबाई, या!"

ती चप्पल काढून बसली. पेडल दाबलं. गुडघा पुढे गेलेला दिसला, त्यापलीकडे काही नाही. दुसऱ्या कुणाचा पाय उसना आणून दाबावं, तसं.

"काय म्हणतंय?"

दोनच उत्तरं होती. सत्तावीस वर्षांत तिला त्यातलं एक निवडायला वेळ लागला नव्हता.

"हवा आहे," ती म्हणाली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

चारही चाकं झाली. हवा सोडायच्या निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून नितळ ऑइल येत राहिलं.

"एक बुडबुडा नाही गं."

"असेल कुठेतरी अडकलेला."

त्याने पुन्हा चारही चाकं केली. डोळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा त्याने तिच्या पायाचं ऐकलं. त्याची चूक म्हणायची तर एवढीच.

"आता?"

"कडक."

तो गाडी घेऊन समोरच्या उतारावरून निघाला. खाली लाकडाच्या वखारीची भिंत होती. ती खिडकीत उभी होती. गाडीचे मागचे लाल दिवे लागलेले तिला दिसले आणि दिवे लागल्यावरही गाडी पुढे जातच राहिलेली दिसली. हँडब्रेकचा करकर आवाज आला. भिंत हातभर राहिली होती.

तो परत आला, पण गाडीतून उतरला नाही. दार उघडून पेडल दाबून बसला. त्याचा गुडघा सावकाश खाली जाताना तिने पाहिला. मग पाना हातात घेऊन तो घरात आला.

"बस," तो म्हणाला.

ती स्टुलावर बसली. तो पाना शेजारी ठेवून फरशीवर बसला. तिचा उजवा पाय त्याने मांडीवर घेतला. "डोळे मीट."

"अहो, हे काय आता?"

"मीट. पाना कुठे लावलाय ते सांग."

लोखंड गार असणार, असा तिने हिशेब केला. गार कुठे लागतंय ते शोधलं. "अंगठ्याला."

"आता?"

"टाचेला."

तिने डोळे उघडले. पाना फरशीवर होता. त्याने तो एकदाही उचलला नव्हता.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"बोलली नाहीस."

"तुम्ही दुसऱ्या कुणाला बसवलं असतं."

"पोरी बसतात गं त्या गाडीत."

"माहितेय."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने टाच उजेडाकडे वळवली. तिथे रुपयाएवढी जखम होती, कडेने काळी पडलेली. "आणि हे केव्हाचं?"

ती वाकून बघू लागली. जखम ती पहिल्यांदाच पाहत होती.

त्याने साबणाने दोनदा हात धुतले, जखम पुसली आणि तिला दवाखान्यात नेलं. नर्सला निरोप गेला, गाडी उद्या.

दुसऱ्या दिवशी नवा मास्टर सिलेंडर बसला. हवा पुन्हा काढावी लागणार होती. मिस्त्रीने नळीचं दुसरं टोक ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवलं. असं केलं, की एकट्यालाही जमतं. वेळ फार लागतो.

ती ओट्यापाशी उभी होती. एका पायाला पट्टी आणि दोन्ही पायांत आदल्या दिवशी त्यानेच आणलेले बंद बूट.

"दाब!" गाडीखालून हाक आली.

थोड्या वेळाने तो सरपटत बाहेर आल्याचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, पेडलचा आवाज. दुसऱ्या चाकाला पुन्हा तेच झालं. सवय होती, तोंडातून हाक निघून जात होती.

तिसऱ्या चाकाला हाक आली, तेव्हा तिने उजवा पाय फरशीवर दाबला. मग तो खरंच दाबला गेला की नाही, ते बघायला खाली वाकली.