गप्पीदासाला उरलेला शब्द

सलूनमध्ये शिवी द्यायची नाही, हा त्याचा नियम होता. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, वावगा शब्द निघाला की त्याची कात्री थांबायची. बाकी दिवसभर त्याची टकळी चालू. लोक त्याला गप्पीदास म्हणत. काही जण तर टक्कल पडल्यावरही केस कापायला यायचे, नुसत्या गप्पांसाठी.

एका सकाळी गिऱ्हाइकाची दाढी करताना त्याच्या उजव्या हातातून वस्तरा गळून पडला. काहीतरी बोलायला गेला, तर जीभ वळेना. तोंड एका बाजूला ओढलेलं. निरोप मिळताच बायको घरून धावत आली. शेजारच्या दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, "वहिनी, अशक्तपणा आहे. झोपू द्या, बरं वाटेल." तिने त्याला घरी नेऊन निजवलं. संध्याकाळी मुलगी कामावरून आली, बापाचं तोंड पाहिलं आणि चप्पलही न काढता गाडी बोलवायला धावली.

"सकाळीच आणायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूतली गुठळी विरघळवायची वेळ निघून गेली."

काही दिवसांनी त्याला वाचा फुटली. मुलगी चादर सारखी करत होती.

"च्यायला," तो म्हणाला.

ती आनंदाने हसली. "बाबा, पाणी हवंय?"

"च्यायला."

"दुखतंय का कुठे?"

"च्यायला."

तेवढंच उरलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "होतं असं. बाकीचं सगळं जातं, शिवी तेवढी राहते." दर वेळी शब्द निसटला की तो डाव्या हाताने तोंड झाकून घ्यायचा.

शेजारच्या खाटेवर एक ड्रायव्हर होता. त्याचीही उजवीच बाजू गेलेली, पण बायकोने त्याला लगोलग आणलं होतं. तो भिंत धरून चालायला लागला. गप्पीदास ते बघायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट मात्र हटत नव्हती. "काका, एक बोट हलवा, बाकीची मागून येतील." आणि खरंच एकदा गप्पीदासाचा अंगठा हलला. बायकोने पदर डोळ्यांना लावला.

त्याला गिळता येत नव्हतं, म्हणून नाकात नळी होती. तोंडाने काही द्यायचं नाही, असं बजावलेलं. पण ड्रायव्हरचा चहा आला की त्याची नजर कपावरून हलायची नाही. एका दुपारी बायकोला राहवलं नाही. "दोन चमच्यांनी काय होतंय?" असं पुटपुटत तिने चहा त्याच्या ओठांना लावला. त्याने समाधानाने डोळे मिटले. मग ठसका लागला, तो थांबेचना. रात्रीपर्यंत अंग तापलं. चहा फुप्फुसात गेला होता.

जिवावरचं टळलं, पण अंगात काही राहिलं नाही. अंगठा पुन्हा हलला नाही.

आता तो घरी आहे. सुरुवातीला गिऱ्हाइकं भेटायला यायची. त्यांच्यासमोर शिवी जाईल या भीतीने तो ओठ घट्ट मिटून बसायचा. हळूहळू येणंजाणं थांबलं. मुलगी हाताचा व्यायाम घ्यायला बसली, की तो हात काढून घेतो आणि भिंतीकडे तोंड करतो.

"बाबा, माझ्यासाठी तरी करा ना."

तो वळत नाही.

परवा मोरीपाशी भांडी घासताना बायको एकदम म्हणाली, "मीच दिला गं तो चहा."

"माहितीये, आई."

"त्यांनाही माहितीये. माझ्याकडे बघत नाहीत."

मुलीने आईच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला सुरुवात केली.