वेग मोजणारा काटा

बायको गेली, तिचा आवाज एका जुन्या हार्ड डिस्कवर तेवढा उरलाय. काल जावईबापूंनी त्या डिस्कचाच वेग तपासायला घेतला. पडद्यावर काटा नाचू लागला, फटफटीच्या मीटरसारखा. हे मोजतं कसं, विचारलं.

“मामा, हे सॉफ्टवेअर डिस्कवर काहीतरी कचरा लिहितं, लगेच वाचून बघतं आणि पुसून टाकतं.”

वा रे परीक्षा! आत्ता सांगायचं, आत्ताच विचारायचं आणि लगेच विसरायचं. पोपटसुद्धा पास होईल. हल्ली माणसंही अशीच तपासतात. पटकन बोलला तो हुशार. काय बोलला, ते कोण बघतो? मी चौथीत शाळा सोडली, पण रहाट किती जोरात फिरतो यावरून विहिरीचं पाणी गोड ठरवणारा शहाणा आमच्या गावात तरी निघाला नाही.

“फारच स्लो आहे, मामा. फेकून द्या.”

“आधी तुमच्या सासूबाईंचं ते म्हशीला रागावतानाचं लावा.”

डिस्क कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. मग ही कडाडली, “सरक की गं, भवाने!”

जावईबापू घड्याळ बघत होते. डिस्क इथंच राहील. घाई असेल त्यानं उठावं.